नोंदवहीत भाषा सापडत नाही: शाळेतल्या भाषा मंडळांचा अभ्यास करताना



पेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "शाळेतली भाषा मंडळं, सांस्कृतिक मंडळं, व्यवसाय मार्गदर्शन कक्ष यांवर विषय घेऊ का? माहिती सहज मिळते." मिळते, हे खरं आहे. पण सहज मिळणारी माहिती आपल्या प्रश्नाचं उत्तर असतेच असं नाही. हे मी साक्री तालुक्यात स्वतः चुकून शिकलो, म्हणून आज त्यावरच लिहितो.

नोंदवही काय सांगते?

प्राथमिक पाहणीसाठी मी तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये गेलो. सरांनी आनंदाने भाषा मंडळाची नोंदवही समोर ठेवली. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, शिवाय वक्तृत्व, हस्ताक्षर, भित्तिपत्रक. प्रत्येक नोंदीखाली "कार्यक्रम उत्साहात संपन्न". दोन दिवस बसून मी सुंदर तक्ता केला आणि मार्गदर्शक मॅडमना दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "यात पोरं बोलली किती? आणि कोणत्या भाषेत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मंडळ मोजलंच नव्हतं, फक्त मंडळाची वही मोजली होती. संशोधन पद्धतीच्या पुस्तकात याला वैधतेचा प्रश्न म्हणतात. जे मोजायचं ठरवलं तेच आपलं साधन मोजतंय का, एवढाच त्याचा अर्थ. वही रोज उघडली तरी तीच संख्या देईल, म्हणजे ती विश्वसनीय आहे. पण ती संख्या वेगळ्याच गोष्टीची असेल, तर तिचा उपयोग नाही.

पुढे एका वक्तृत्व स्पर्धेला मी शेवटच्या बाकावर बसलो. नववीतल्या एका मुलीने पाठ केलेलं भाषण घडाघडा म्हटलं. टाळ्या झाल्या. खाली आल्यावर मधेच एक ओळ कशी विसरली आणि कशी सावरली, हे तिने मैत्रिणीला अहिराणीत सांगितलं. हातवारे, नक्कल, हशा, सगळं त्यात होतं. त्या दिवसाचं खरं वक्तृत्व ते होतं. वहीत मात्र तिचा फक्त क्रमांक लागला.

२२ भाषा आणि आपली एक

आता जरा मोठ्या उपक्रमाकडे बघू. 'एक भारत श्रेष्ठ भारत'अंतर्गत २०१८ मध्ये देशभरातल्या शाळांत 'भाषा संगम' सुरू झाला. परिपाठात रोज एका भाषेतली पाच सोपी वाक्यं म्हणायची, अशा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषा. कल्पना चांगली आहे, हे आधी मान्य करतो. साक्रीच्या पोराला ओडिया किंवा मणिपुरी कानावर पडणं ही काही वाईट गोष्ट नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्येही विज्ञान, नाट्य, काव्य यांच्यासोबत भाषा मंडळांना प्रोत्साहन द्यावं असं म्हटलंय.

माझी टीका यादीच्या आखणीवर आहे. २०११ च्या जनगणनेत 'खानदेशी' ही स्वतंत्र भाषा म्हणून मोजली गेली आणि अहिराणी तिच्याखाली येते. बोलणारे सुमारे १८ लाख ६० हजार. बोडो बोलणारे सुमारे १४ लाख ८३ हजार आणि मणिपुरी बोलणारे सुमारे १७ लाख ६१ हजार. त्या दोन्ही भाषा अनुसूचीत आहेत, खानदेशी नाही. भिली गटाचे बोलणारे तर १ कोटीच्या वर, तरी तीही बाहेर. म्हणजे यादी बोलणाऱ्यांच्या संख्येवर ठरलेली नाही. ती घटनात्मक मान्यतेची यादी आहे. शाळेने तीच यादी "भारतातल्या भाषा" म्हणून वापरली, की मुलाला न सांगताच एक धडा मिळतो: तू घरी बोलतोस ती भाषा नव्हे.

याहून मजेशीर, खरं तर दुःखद, गोष्ट पुढे आहे. त्या यादीत 'कोकणी' आहे. पिंपळनेरच्या पलीकडे, कुडाशीच्या पट्ट्यात कोकणा आदिवासींची वस्ती आहे आणि त्यांच्या भाषेलाही लोक कोकणीच म्हणतात. पण यादीतली कोकणी गोव्याची. डांग, नाशिक, धुळे या डोंगरपट्ट्यातली कोकणी वेगळी. विचार करा, परिपाठात "आज कोकणी" असं जाहीर झाल्यावर त्या घरातल्या मुलाने कान टवकारले असतील, आणि पुढे आलेलं एकही वाक्य त्याच्या घरचं नसेल. अहवालात मात्र "कोकणी दिवस साजरा" असंच लिहिलं जाईल.

नावावर भरवसा ठेवू नका

हीच गफलत आपण आपल्या अभिमानाच्या जागीही करतो. खानदेशातल्या शाळांत बहिणाबाई चौधरींच्या कविता "अहिराणी कविता" म्हणून सादर झालेल्या मी ऐकल्यात. बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या, आणि त्यांची बोली लेवा गणबोली. अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. एवढ्या एका शब्दावर कान ठेवला तरी फरक कळायला लागतो. दोन्ही खानदेशच्याच, पण एक नाहीत. आणखी एक गंमत म्हणजे ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ल भाषांच्या खंडात ठेवलं (१९०७). ते वर्गीकरण तुम्हाला पटो न पटो, पण "अहिराणी म्हणजे अशुद्ध मराठी" हे वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी तो खंड उघडून बघा.

आता माझी चूक. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत प्रश्न होता: "घरी कोणती भाषा बोलता?" पर्याय होते मराठी, हिंदी, उर्दू, इतर. बहुतेक मुलांनी मराठीवर खूण केली आणि मी खूश झालो. नंतर प्रश्न बदलला: "आजीशी भांडताना कोणत्या भाषेत भांडता?" आधी वर्ग हसला. मग अहिराणी, भिली, मावची, कोकणी अशी उत्तरं यायला लागली. मुलं तीच होती, घरंही तीच. पहिल्या वेळी माझ्या 'इतर'मध्ये कोणालाच बसायचं नव्हतं. ज्या यादीवर मी वर टीका केली, तशीच यादी मीही केली होती.

करिअरचं काय?

"बोलीने पोट भरतं का?" हा पालकांचा प्रश्न रास्त आहे, त्याला नाकं मुरडू नका. पण मार्गदर्शनाच्या तासाला पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षा यांच्या पुढे आपण जातो का? या तालुक्यात आशा ताई, परिचारिका, ग्रामसेवक, शिक्षक यांना घरची भाषा येत असेल तर कामच वेगळं होतं. खानदेशी विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर लोक आवडीने बघतात, आणि त्यात लेखन, आवाज, संकलन अशी कामं आहेत. शाळेत भाषा मंडळ आणि मार्गदर्शन कक्ष एकाच व्हरांड्यात असतात, पण एकमेकांना भेटत नाहीत. मला विचाराल तर संशोधनाचा चांगला विषय इथेच आहे.

तुम्ही काय कराल?

विषय घ्या, जरूर घ्या. फक्त तीन गोष्टी सांभाळा. एक, वही बघा, पण ती शाळेने वर काय कळवलं याचा पुरावा म्हणून वापरा. दोन, कार्यक्रमापेक्षा कार्यक्रमाची तयारी आणि नंतरची पांगापांग बघा, मुलं तिथे बोलतात. तीन, भाषांच्या नावांची यादी मुलांकडून घ्या, आपली त्यांच्यावर लादू नका.

प्रश्नावली छापायला देण्याआधी एकदा घरी, आजीसमोर वाचून बघा. तिला स्वतःची भाषा त्या पर्यायांत सापडली नाही, तर छपाई थांबवा.