फोटोत कोण कोण आहे?

लग्नाच्या फोटोग्राफीकडे मराठी समीक्षेचं लक्ष कधी गेलंच नाही. नाटकावर आपण भरभरून लिहितो, चित्रप्रदर्शनांवर लिहितो. गौतम राजाध्यक्षांमुळे सिनेकलावंतांच्या पोर्ट्रेटबद्दलही बोललं गेलं. पण घरोघरी लोखंडी कपाटात साडीच्या घडीखाली जपून ठेवलेला लग्नाचा अल्बम आपण ‘धंद्याचं काम’ म्हणून बाजूला सारला. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावचे फोटोवाले काका अलीकडेच गेले. गावातल्या दोन पिढ्यांची लग्नं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेली होती. त्यांच्या निमित्तानं या कलेची आजची स्थिती मांडावीशी वाटते, कारण त्यांच्याबरोबर जे गेलं ते एका माणसापुरतं नाही.

माझं मत आधीच सांगतो. लग्नाचा फोटो चांगला की वाईट हे ठरवताना लेन्स, उजेड, रंग यांच्या आधी एक गोष्ट पाहावी लागते: फोटोत कोण कोण आहे आणि त्यांना तिथे आणलं कुणी. आजचे फोटो देखणे आहेत, पूर्वी स्वप्नातही आले नसते इतके देखणे. मात्र त्यांतली माणसं कमी होत चालली आहेत.

माणसांना कॅमेऱ्यासमोर आणणं हे या व्यवसायाचं मूळचंच काम. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी माणसं कॅमेरा हाताळू लागली. पण ते सारं शहरी, शिकलेल्या वर्तुळातलं. सामान्य माणसाला त्या पेटीची भीतीच वाटे. दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी बडोद्याला फोटोचा व्यवसाय सुरू केला होता. कॅमेरा माणसाचं आयुष्य शोषून घेतो अशी तिथल्या लोकांची समजूत होती आणि फाळक्यांसारख्या कसबी माणसाचाही तिथे टिकाव लागला नाही. म्हणजे हात कितीही तयार असला तरी समोरच्याचा विश्वास मिळवल्याखेरीज फोटो होत नाही.

पुढे भीती गेली आणि लग्नानंतर जोडप्यानं स्टुडिओत जाऊन एक फोटो काढून घेण्याची रीत पडली. नवरा खुर्चीवर, बायको शेजारी उभी, मागे रंगवलेला पडदा. त्यात भाव नसत, नोंद असे. खरी कला फुलली ती कॅमेरा मांडवात आल्यावर, हातात धरता येईल असा कॅमेरा आणि बॅटरीवरचा फ्लॅश मिळू लागल्यावर.

काकांच्या गळ्यात बरीच वर्षं याशिका होता, दोन भिंगांचा, छातीशी धरून वरच्या काचेत पाहायचा. १२० नंबरच्या एका रोलमध्ये बाराच फोटो. काचेवरचं चित्र डावं-उजवं उलटं दिसायचं, त्याची सवय करून घ्यावी लागे. पण त्या कॅमेऱ्याचा एक गुण आजच्या चर्चेत कुणी धरत नाही. तो डोळ्याला लावावा लागत नसल्यामुळे फोटोग्राफरचा चेहरा झाकला जात नव्हता. खाली एक नजर टाकली, पुन्हा मान वर केली की समोरच्या माणसाशी बोलता येई. काका सतत बोलत असत. विहिणीला साडीचा रंग खुललाय म्हणून सांगत, आजोबांना औंदा ऊस कुणाला घातला विचारत, आणि उत्तर देताना त्या माणसाचा चेहरा सैल पडला की बोट दाबत. पुढे कॅमेरा डोळ्याला लागला, मग मागे स्क्रीन आली. फोटोग्राफर आणि माणूस यांच्यामध्ये यंत्राची जागा वाढत गेली.

त्यांची खरी कामगिरी गटफोटोत दिसते. आजच्या अल्बममधला हा सर्वांत दुर्लक्षित प्रकार, म्हणून त्यावर थोडं थांबतो. पुढे सतरंजीवर मुलं, मग खुर्च्यांवर वडीलधारी, मागे उभी तरणी मंडळी, सगळ्यांत मागे बाकावर चढलेली पोरं. मांडणी सोपी वाटते. पण कुठल्या खुर्चीवर कोण बसणार यावर एकेका घरात वर्षभर अबोला धरला जातो. वाटणीवरून बोलणं तुटलेले दोन भाऊ एकाच रांगेत हवेत, पण शेजारी नकोत. मुलीकडच्या मामाला मान द्यायचा, पण मुलाकडच्या आत्याच्या आधी नाही. हे सगळं काकांना माहीत असे, कारण त्या घरातली बारशी, मुंजी, साखरपुडे त्यांनीच काढलेले असत.

एका लग्नातला प्रसंग मी जवळून पाहिला. नवऱ्या मुलाची विधवा चुलती, जिनं त्याला लहानाचं मोठं केलं होतं, मांडवाच्या खांबाआड उभी होती. शुभकार्यात पुढे यायचं नाही ही तिच्या अंगवळणी पडलेली रीत, आणि तिला कुणी बोलावतही नव्हतं. सगळे फोटोसाठी बसले. काकांनी कॅमेऱ्यात पाहिलं, मान वर केली आणि मोठ्यानं म्हणाले, “अक्का, तिकडं कुठं? हितं या, पोराच्या शेजारी. तुमच्याबिगर फोटो कसा व्हायचा?” मांडव क्षणभर गप्प झाला. मग नवऱ्या मुलानंच उठून तिला हात धरून आणलं. तो फोटो मी नंतर त्यांच्या घरी भिंतीवर पाहिला. तंत्राच्या दृष्टीनं तो साधाच आहे, एका कोपऱ्यात फ्लॅशचा उजेडही नीट पोचलेला नाही. तरी त्या घराच्या इतिहासात त्याच्याइतका महत्त्वाचा दुसरा फोटो नाही. सुधारणेची भाषणं ज्या मांडवात झाली नसती, तिथे एका फोटोग्राफरनं आपल्या शब्दाच्या वजनावर एक खुर्ची हलवली.

रोल महाग होता, त्यामुळे नुसता फ्लॅश उडवण्याची युक्ती तेव्हाचे बहुतेक फोटोग्राफर करत. एखादे पाहुणे नवरा-नवरीजवळ हौसेनं उभे राहत, फ्लॅश चमके, फिल्म मात्र जागेवरच. आज ऐकताना ती फसवणूक वाटेल. मला तसं वाटत नाही. यजमानाच्या खिशाला झेपेल तेवढेच फोटो काढायचे आणि आलेल्या माणसाला हिरमुसलं परत पाठवायचं नाही, या दोन्ही जबाबदाऱ्या त्या एका उजेडात सांभाळल्या जात.

आणि अंतरपाट. शेवटचं मंगलाष्टक संपताना भटजींचा आवाज चढतो, वाजंत्री सरसावतात, अंतरपाट खाली येतो, अक्षता पडतात आणि दोन माणसं एकमेकांकडे पाहतात. हे सगळं दोन-तीन सेकंदांत संपतं. फ्लॅश एकदा उडाला की पुन्हा भरायला तेवढाच वेळ लागे. म्हणजे संधी एकच. काका खुर्चीवर चढून उभे राहत आणि भटजींच्या आवाजावर कान ठेवत. कुठले गुरुजी शेवटचा शब्द लांबवतात आणि कुठले झटकन तोडतात, हे त्यांना पाठ होतं. हवेत थांबलेल्या अक्षता आणि त्यांच्याखाली वर पाहणारी नवरी, असा त्यांचा एक फोटो कुठल्याही प्रदर्शनात शोभेल. बौद्ध विवाहात त्रिशरण-पंचशीलानंतर हार घालण्याचा क्षण, निकाहात सहीसाठी पुढे आलेला कागद, लिंगायत आणि जैन लग्नांतले वेगळे विधी, यांतला नेमका क्षण कुठला हे गावच्या फोटोग्राफरला कुणी शिकवलं नव्हतं. सगळ्या आळ्यांमध्ये उठबस असल्यामुळे ते त्याला येत होतं.

डार्करूमचं कसब हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं केलेलं टचिंग, एन्लार्जरखाली हाताच्या सावलीनं चेहऱ्यावरचा उजेड राखणं, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद. रंगीत फिल्म आणि शहरातल्या लॅब आल्या तशी ही विद्या संपली आणि फोटो धुण्याचं काम फोटोग्राफरच्या हातून गेलं.

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला आणि मांडवाचा ताबा प्रखर दिव्यांनी घेतला. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’नंतर लग्न सिनेमासारखं दिसावं ही अपेक्षा रुजली, बदामाच्या आकारात फिरणारी नवरा-नवरी आणि मागे गाणं, अशा कॅसेटी घरोघरी आल्या. त्यांच्यात कलेचा अंश फारसा नव्हता. तरी पंगतीतून, रुखवताच्या टेबलावरून फिरताना त्या कॅमेऱ्यानं सगळ्या वऱ्हाडाला पकडलं, आणि गेलेल्या माणसांचा आवाज आज कित्येक घरांत फक्त त्या कॅसेटीवर उरला आहे.

डिजिटल कॅमेऱ्यानं जे दिलं ते मोठं आहे आणि ते मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. कमी उजेडात फ्लॅशशिवाय फोटो येऊ लागले. हळदीच्या वेळची नवरीची मोकळी हसरी मुद्रा, पाठवणीला दाराशी थबकलेला बाप, मुंडावळ्या बांधताना बहिणीचे थरथरणारे हात, हे जुन्या अल्बममध्ये क्वचितच दिसतं. तिथे नवरी बहुतेक खाली मान घालूनच असे. २००८ मध्ये कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आला, फोटोच्या कॅमेऱ्यातून सिनेमाच्या तोडीचं चित्रण होऊ लागलं आणि तालुक्यातली पोरंही जुना कॅमेरा विकत घेऊन या क्षेत्रात उतरली. मुली मोठ्या संख्येनं आल्या ही तर फारच चांगली गोष्ट झाली. नवरीच्या खोलीत पुरुष फोटोग्राफरला जी जागा कधीच मिळाली नाही, ती त्यांना मिळते आणि त्यांच्या फोटोंत ती दिसते.

पण मग २०१७ च्या डिसेंबरमध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्माचं इटलीतलं लग्न जोसेफ राधिक यांनी टिपलं. फिके रंग, मागे आकाश, मधोमध दोघंच. ते काम उत्तम होतं, त्या लग्नाला साजेसं होतं. तिथे पाहुणेच मोजके होते. आमच्याकडे मात्र दीड हजार पानं उठणाऱ्या लग्नालाही तोच साचा लावला गेला. अल्बम उघडला की पन्नास पानांत नवरा-नवरी, ड्रोनमधून दिसणारं मंगल कार्यालयाचं छप्पर, प्री-वेडिंगमध्ये धरणाच्या भिंतीवर फुगे घेऊन धावणारी तीच दोघं. ‘कँडिड’ म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं सांगून करवून घेतलेलं असतं: “हसा, एकमेकांकडे बघा, आता बघू नका.” बोहल्याभोवती चार-पाच कॅमेरे आणि दोन व्हिडिओवाले असे उभे राहतात की समोर बसलेल्यांना अंतरपाट दिसतच नाही, ते शेजारच्या पडद्यावर लग्न पाहतात. सावळ्या मुलीचा चेहरा संगणकावर गोरा करून देणं हा तर सर्रास चाललेला अपमान आहे. पूर्वीही टचिंगमध्ये हे पाप होतं. आता ते एका कळीवर आलं आहे.

नव्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांना काम दूरच्या गावात, अनोळखी घरात मिळतं. मांडवात ते सकाळी येतात, रात्री जातात. अक्का कोण आहे, ती खांबाआड का उभी आहे, हे त्यांना कळणार कसं? ते त्यांना कुणी सांगतही नाही, कारण सांगण्याइतकं महत्त्वाचं ते आहे हे घरच्यांनाच आता वाटत नाही. पॅकेज ठरवताना आपण ड्रोन आहे का विचारतो, रील किती मिळतील विचारतो. आपल्या आजीचा एक नीट फोटो निघेल का, हे कुणी विचारत नाही. कलेचा दर्जा मागणाऱ्याच्या नजरेनंही ठरतो आणि ती नजर आकसली आहे.

झालेल्या कामाची आबाळ तर त्याहून वाईट आहे. ख्रिस्तोफर पिनी या ब्रिटिश अभ्यासकानं मध्य प्रदेशातल्या नागदा या गावचे स्टुडिओ अभ्यासून १९९७ साली ‘कॅमेरा इंडिका’ हा ग्रंथ लिहिला. तमिळनाडूतल्या जुन्या स्टुडिओंचे फोटो पुद्दुचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटनं ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्यानं डिजिटल रूपात जतन केले. आमच्या भागात स्टुडिओ बंद पडला की निगेटिव्हचे खोके भंगारात जातात. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडच्या किती घरांतले अल्बम चिखलात गेले, ते तिथल्या माणसांना विचारावं. डिजिटलचंही सुख नाही. विसेक वर्षांपूर्वीच्या सीडी आज उघडत नाहीत आणि हार्ड डिस्क बंद पडली की आख्खं लग्न जातं.

काकांच्या दुकानातल्या कपाटात वर्षवार चिठ्ठ्या लावलेली निगेटिव्हची पाकिटं आहेत, चिठ्ठीवर घराचं नाव आणि मुहूर्ताची तारीख. त्यांच्या मुलानं ती अजून राखली आहेत. गावच्या वाचनालयानं किंवा जवळच्या एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागानं ती स्कॅन करून घ्यायला हवीत. त्याआधी घराघरांची परवानगी घ्यावी, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. हे काम अवघड नाही, फार खर्चाचंही नाही, आणि पाच-दहा वर्षांनी ते करताच येणार नाही.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. घरातला जुना अल्बम या आठवड्यात खाली काढा. चिकट पानांवर, प्लॅस्टिकखाली लावलेले फोटो असतील तर सहज निघतील तेवढे हळूच सोडवून साध्या कागदी पाकिटांत ठेवा. घट्ट चिकटलेले ओढू नका, त्यांचा आहेत तिथेच मोबाइलवर फोटो घ्या. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशेजारी बसा आणि गटफोटोतल्या प्रत्येकाचं नाव विचारून फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं लिहा. बॉलपेन वापरू नका, शाई पुढे उतरते.