‘एक हिंदू स्त्री’ : निनावी सहीचा अर्थ

इ. स. १८८५ च्या जून महिन्यात मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये बालविवाहाच्या रूढीवर एक पत्र प्रसिद्ध झाले. त्याखाली लेखिकेचे नाव नव्हते. ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाची इंग्रजी सही तेवढी होती. ही स्त्री म्हणजे रखमाबाई, हे पुढे उघड झाले. पत्र छापून आले तेव्हा त्यांना नांदावयास आणण्यासाठी पती दादाजी भिकाजी यांनी मुंबई उच्च न्यायालयात लावलेला दावा चालू होता.

या निनावीपणाचा उलगडा त्या काळच्या स्त्रीसुलभ संकोचाने करण्याचा मोह होतो. पत्राची भाषा मात्र त्यास दुजोरा देत नाही. बालविवाहाने आपले सुख हिरावले, विद्याव्यासंगाच्या आड तो आला, हे लेखिका प्रथमपुरुषी सांगते. नाव झाकलेले आणि आत्मचरित्र उघडे, असा हा विलक्षण लेख आहे. येथे निनावी सही विनयाची खूण नसून बोलण्याची पूर्वअट ठरते.

ती अट पुरी होण्यास दोन गोष्टींचे पाठबळ होते. रखमाबाई आईच्या घरी राहत होत्या. आणि पाकिटात घातलेले पत्र आपण कोठून निघालो हे नवऱ्यास कळवीत नव्हते. सर्वसामान्य सासुरवाशिणीस यांपैकी काहीच लाभत नसे. माहेरचे पत्र आले तर ते आधी दुसऱ्याच्या हाती पडावयाचे आणि चारचौघांत वाचले जावयाचे!

नाशिक रोडनजीकच्या एकलहरे येथील औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीतील एखादे घर आज कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. घर नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेले, शेजारी त्याच्याच खात्यातले. तिच्या मोबाइलचे सिमकार्ड त्याच्या नावावर, बँकेचा ओटीपी त्याच्या फोनवर. अशा घरात छळ होत असेल, तर १८१ या महिला साहाय्य क्रमांकावर केलेला फोनदेखील कॉलच्या यादीत आपली नोंद ठेवून जातो. ‘पासवर्ड बदला, लोकेशन बंद करा’ हा प्रचलित उपदेश यंत्र तिचे स्वतःचे आहे असे गृहीत धरतो. वस्तुतः एकाएकी बदललेला पासवर्ड हीच पाळत ठेवणाऱ्यास वर्दी असते, आणि घाईने पुसलेल्या संदेशांबरोबर धमकीचा पुरावाही जातो. त्यापेक्षा विश्वासातील दुसऱ्या कोणाच्या फोनवरून प्रथम मदत मागणे अधिक शहाणपणाचे.

कायद्याने या प्रश्नाकडे पाठ फिरविलेली नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातील कलम १८ अन्वये छळ करणाऱ्यास इलेक्ट्रॉनिक माध्यमातून संपर्क साधण्यासही मनाई करता येते. कलम १६ नुसार सुनावणी बंद दाराआड होऊ शकते. स्त्रीच्या इंटरनेट-वापरावर पाळत ठेवणे २०१३ मध्ये दंडनीय ठरले. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. तीत नवऱ्यास नावानिशी सूट नाही. तथापि परिस्थितीनुसार ‘वाजवी आणि समर्थनीय’ ठरणारे वर्तन अपवादात बसते. नवरेपणालाच वाजवी कारण समजणाऱ्या समाजात या दोन विशेषणांचा अर्थ कोण लावणार?

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्याच न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी, पती-पत्नींमधील दाव्यात एकाने दुसऱ्याच्या नकळत केलेले संभाषणाचे ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून ग्राह्य धरले. चार भिंतींआड छळ सोसणाऱ्या स्त्रीस, जिला दुसरा साक्षीदार मिळत नाही, हा निर्णय उपकारक ठरू शकेल, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्यासाठी मुद्रण करणारा फोन तिच्या ताब्यात हवा, आणि मुद्रण सुरक्षित ठेवण्याची जागाही. ज्या खटल्यात हा निर्णय झाला, त्यात ध्वनिमुद्रण पतीने केलेले होते.