ढोलकीची थकबाकी

आमचा पुतण्या विलायती पंक संगीत ऐकतो. ऐकतो म्हणजे आळीला ऐकवतो. 'द क्लॅश' या पंकवाल्यांनी १९७९ साली 'लंडन कॉलिंग'मध्ये रेगे, जॅझ, तुताऱ्या असं सगळं घातलं, तेव्हा पंक बाटलं म्हणून काही जुने भक्त हळहळले, असं तो सांगतो. मी म्हटलं, "बाळा, हा तंटा आमच्या नारायणगावात दर पाडव्याला असतो."

पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. जुन्नर-आंबेगावचेच काय, लांबलांबचे गावकरी यात्रेची सुपारी द्यायला येतात. पहिला प्रश्न, "गाणी कुठली?" दुसरा, "लायटिंग किती?" वग कुठला, हे विचारणारा एखादाच म्हातारा, त्याला चहा सांगायला पाठवतात.

मग यात्रेत गण उरकतो, गवळण धावतपळत मथुरेला पोचते आणि कीबोर्ड-ऑक्टोपॅड सिनेमाची गाणी सुरू करतात. तुणतुणं रिटायर झालेल्या हेडक्लार्कसारखं कोपऱ्यात. वाद्यांवर माझा राग नाही. पेटीसुद्धा बाहेरूनच आली आणि घरची झाली. पण हिशेब तर बघा! 'सांगत्ये ऐका' (१९५९), 'पिंजरा' (१९७२) या चित्रपटांनी तमाशाच्या भांडवलावर धंदा केला. ते कर्ज थकीतच, आणि आता धनकोच ऋणकोच्या दारात उसनवारीला उभा!

खरी खोट आली ती वगात. विलायतेत ज्याला पंक म्हणतात, ते आपल्याकडे सोंगाड्याच्या तोंडात होतं. राजा, प्रधान, हवालदार, कुणाची भीड नाही. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांची परंपरा चालवणाऱ्या विठाबाई २००२ साली गेल्या. त्यांच्या उमेदीच्या काळात वग पहाटेपर्यंत चाले. २००० सालच्या नियमांनी एरवी रात्री दहानंतर कर्ण्याला बंदी केली. वेळ कमी पडली की सगळ्यात लांब रक्कम आधी कापतात, हे कॉमर्सच्या पोरालाही कळतं. शिवाय गाण्याने कुणाचा अपमान होत नाही, त्यामुळे वर्गणीही सुरळीत येते.

आंबेगाव तालुक्यातल्या एका यात्रेत मात्र नाचणाऱ्या पोरी कपडे बदलेपर्यंत सोंगाड्याला पाच मिनिटं मिळाली. "नळ आहे, तोटी आहे, उद्घाटनाची पाटी आहे. पाणी तेवढं टँकरने येतं!" ढोलकीवाल्याने नेमकी थाप मारली. सगळी यात्रा हसली. पहिल्या रांगेतले पुढारी सगळ्यात शेवटी हसले. इतक्यात कीबोर्ड वाजला, तेव्हा सगळ्यात आधी टाळी त्यांनीच धरली.