रामशेजची चढण आणि आमचें दुर्गवर्णन

गड चढून यावें आणि त्यावर लेख लिहावा, ही हौस आपल्या सुशिक्षित घरांत वाढत आहे. हौस उत्तम आहे. लेखांविषयीं मात्र तसें म्हणवत नाहीं. दिंडोरी तालुक्यांतील रामशेज किल्ल्याचींच वर्णनें घ्या. पायथ्याच्या आशेवाडींत पाऊल पडतें न पडतें तोंच लेखकाच्या कानीं रणवाद्यें वाजूं लागतात. मग वाट, ऊन, खडक, पाण्याचीं टाकीं, कांहींच त्यास दिसत नाहीं. गो. नी. दांडेकरांनीं मराठी वाचकास गड पायांनीं व डोळ्यांनीं ओळखावयास शिकविलें. अनुकरण करणारांनीं त्यांचा उमाळा तेवढा उचलला, पाहणें राहून गेलें.

रामशेजवर पाहण्यासारखें काय आहे? आमच्या मतें, त्याचा ठेंगणेपणा. समुद्रसपाटीपासून उंची सुमारें ३,२७० फूट भरली तरी आशेवाडीहून माथा तासाभरांत गांठतां येतो. घाटमाथ्याचें दाट रान येथें नाहीं. उन्हाळ्यांत करपल्या गवताचा हा उघडा डोंगर भोंवतालच्या सपाटींतून एकटाच वर आलेला दिसतो. वाटेंत रामाचें गुहामंदिर व तेथील पाणी, एवढाच विसांवा. खालीं आज द्राक्षांचे मळे आहेत. १६८२ मध्यें तेथें मोगलांचा वेढा पडला होता. अशा टेकडीनें शहाबुद्दीनखान व त्यामागून खानजहान बहादूर यांस दाद दिली नाहीं, हें नवल चढणाराच्या पायांस प्रथम कळतें. लेखक मात्र गडाला ‘गगनचुंबी’ म्हणतात, आणि त्या एका विशेषणानें रक्षकांचा पराक्रम अर्ध्यावर आणतात.

दुसरा दोष याहून मोठा आहे. लांकडी तोफांची कथा प्रत्येक लेखांत येते. परंतु ती खाफीखानानें, म्हणजे मोगल पक्षाच्या इतिहासकारानें, बऱ्याच वर्षांनंतर लिहिली, हें क्वचितच सांगितलें जातें. सांगितल्यानें तिचें मोल घटत नाहीं. प्रतिपक्षाच्या तोंडची ती स्तुति आहे. तसेंच, वर्षानुवर्षें झुंजलेला हा गड अखेर पैशानें फितूर होऊन गेला, असें इतिहासकार सांगतात. हा शेवट गाळण्यांत अभिमान कसला? तोफांपुढें न नमलेला गड थैलीपुढें नमला, ही गोष्ट मुलांना सांगण्याजोगी नाहीं काय?

वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलांना रामशेजवर अवश्य न्यावें, आणि घरीं परतल्यावर प्रथम त्यांना काय दिसलें तें लिहावयास सांगावें. ऐकलेलें मागाहून लिहितां येतें.