तपशील किती हवा? आर्किमेटच्या तीन पातळ्यांवर एक टीकात्मक टिपण



संस्थेतील कामे, माणसे, माहिती आणि संगणकप्रणाली यांचे परस्परसंबंध आराखड्यात मांडणे म्हणजे एंटरप्राइझ आर्किटेक्चरचे मॉडेलिंग. त्यासाठीची आर्किमेट ही भाषा नेदरलँड्समध्ये तयार झाली. आज तिचे मानक द ओपन ग्रुप ही संस्था सांभाळते. मानकाच्या ३.१ आवृत्तीत (२०१९) आराखड्याच्या तीन पातळ्या आहेत : तपशील, सुसंगती आणि आढावा. प्रत्येकीसमोर नेहमीचे वाचकही दिले आहेत. तपशील सॉफ्टवेअर अभियंत्यासाठी, सुसंगती कामकाज पाहणाऱ्या व्यवस्थापकासाठी आणि आढावा सर्वोच्च अधिकाऱ्यांसाठी. तक्ता पाठ करायला सोपा आहे, पण त्यातून ‘पद जितके वरचे, तितका तपशील कमी’ असा समज होतो. माझा आक्षेप या समजाला आहे.

एक उदाहरण घेऊ. लखनौमधील चौक हा जुना बाजार चिकनकारीसाठी प्रसिद्ध आहे. लखनौच्या चिकनकामाला २००८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. दुकानात येण्यापूर्वी कुर्ता अनेक हातांतून जातो : बेतणे व शिवणे, लाकडी ठशांनी नक्षी छापणे, भरतकाम, धुलाई, इस्त्री. छापाचा रंग कच्चा असतो. धुलाईत तो निघून जातो. भरतकाम मुख्यतः स्त्रिया घरी करतात. काम बहुधा मध्यस्थामार्फत पोहोचते आणि मजुरी नगावर ठरते.

समजा, एका दुकानमालकाने विचारले, “माल वेळेवर का येत नाही?” मालक सर्वोच्च पदावर, म्हणून आपण पाच चौकटींचा आढावा दिला. उशीर कुठे होतो, हे त्याला त्यातून कळणार नाही. ‘भरतकाम’ ही चौकट फोडून कापड कोणाकडून कोणाकडे जाते आणि कुठे पडून राहते, हे दाखवावेच लागेल. मात्र टेपची, बखिया, मुर्री, जाली या टाक्यांच्या वेगळ्या चौकटी इथे बहुधा लागणार नाहीत. तोच मालक उद्या म्हणाला, “मजुरीचे दर ठरवायचे आहेत,” तर टाके मांडावे लागतील आणि इस्त्रीची चौकट मिटलेली चालेल. वाचक एकच, पण प्रश्न बदलला की तपशिलाची जागा बदलते.

चूक झाली तर फटका कोणाला बसतो, हेही पाहा. आढाव्यावरूनच सॉफ्टवेअर केले, तर नोंद मध्यस्थाची होईल. भरतकाम करणाऱ्या स्त्रीचे नाव, तिने केलेले नग आणि तिची बाकी मजुरी यांना प्रणालीत जागाच उरणार नाही.

मानकावर अन्याय नको. वाचकाच्या प्रश्नापासून सुरुवात करा, असे तेही सांगते. तक्त्यातले वाचक केवळ नमुन्यादाखल आहेत. दोष आपल्या शिकवण्याचाही आहे : आम्ही तक्ता विचारतो, प्रश्न विचारायला शिकवत नाही. शिवाय सगळेच तपशील भरणे हाही उपाय नाही. काढलेली प्रत्येक चौकट पुढे अद्ययावत ठेवावी लागते. ती जुनी झाली की आराखडा दिशाभूल करतो.

म्हणून चौकट फोडण्यापूर्वी विचारा : हिच्या आत पाहिल्याने कोणता निर्णय बदलेल? एकही बदलणार नसेल, तर ती मिटलेलीच ठेवा. आणि काय वगळले, ते आराखड्याखाली एका ओळीत लिहा.

स्वाध्याय : आपल्या महाविद्यालयातील परीक्षा अर्जाची प्रक्रिया घ्या. ‘अर्ज कुठे अडतो?’ आणि ‘शुल्काचा हिशेब का जुळत नाही?’ या प्रश्नांसाठी दोन आराखडे काढा. प्रत्येकात कोणती चौकट फोडली आणि का, ते लिहा.