महानायकांचे पार्श्वसंगीत : अललडुर्रपासून अ‍ॅटमॉसपर्यंत

महानायकपटाच्या पार्श्वसंगीताचे काम एकच: पडद्यावरचा माणूस माणसाहून मोठा आहे हे कानाला पटवणे. मराठी पडद्यावर असा नायक मुखवटा घालून क्वचितच आला. श्रेयस तळपदे याचा ‘बाजी’ (२०१५) आला तसा गेला. इथला महानायक मावळ्याच्या वेशात येतो. ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), एकाच वर्षी आलेले ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’ आणि ‘सरसेनापती हंबीरराव’ (२०२२), मग ‘सुभेदार’ (२०२३), आणि हिंदीत ‘तान्हाजी’ (२०२०) व ‘छावा’ (२०२५) ही त्याची अलीकडची वंशावळ. तिची मुळे पुष्कळदा कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात सापडतात. प्रतापगड सातारा जिल्ह्यातला, हंबीरराव मोहिते कऱ्हाडजवळच्या तळबीडचे, तानाजी मालुसऱ्यांचे मूळ गाव जावळीतले गोडवली असे परंपरा सांगते. डोळे मिटून हे चित्रपट ऐकावेत तर मात्र नायक कुठला याचा थांग लागत नाही. व्हायोलिन-चेलोंची चार स्वरांची फिरकी, तिच्याखाली भूकंपासारखे ढोल, वर पितळी वाद्यांचा हंबरडा आणि त्याहून वर अर्थ न कळणारा समूहस्वर, एवढ्यावर स्वराज्य उभे राहते.

‘छावा’ने हे दुखणे चव्हाट्यावर आणले. शिवाजी सावंतांची कादंबरी घराघरांत वाचली गेलेली, संगीत ए. आर. रहमान यांचे, आणि तरीही संगीताबद्दलच सर्वाधिक कुरकूर झाली. ‘लगान’मध्ये (२००१) गावच्या माळावरचा सामना ज्या संगीतकाराने स्वरांत बांधून दाखवला, त्याच्याच पार्श्वसंगीतात इथे वाद्यमेळ प्रत्येक प्रसंगाच्या आधीच शिखरावर जाऊन बसलेला असतो. खाली उतरायला त्याला वावच राहत नाही. शंभूराजांचा शेवट येतो तेव्हा संगीताजवळ द्यायला काही उरलेले नसते.

या आवाजाचे मूळ सर्वांना ठाऊक आहे. जॉन विल्यम्स यांनी ‘सुपरमॅन’साठी (१९७८) लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून जे संचलन वाजवून घेतले, त्यात मुख्य झेप षड्जावरून पंचमावर आहे. तंबोऱ्याच्या तारा जुळवताना जे अंतर रोज कानावर पडते तेच. म्हणून ती चाल परकी असूनही पहिल्याच ऐकण्यात बसते. डॅनी एल्फमन यांच्या ‘बॅटमॅन’पर्यंत (१९८९) नायकाला चाल होती. ‘द डार्क नाइट’मध्ये (२००८) हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड यांनी बॅटमॅनला दोन स्वर ठेवले आणि जोकरला चेलोवर ताणत नेलेला जवळजवळ एकच. तो निर्णय धाडसी होता आणि त्या चित्रपटाला शोभलाही. पुढे त्याचे अनुकरण करणाऱ्यांनी स्वर कमी करण्याचे कारण विसरून फक्त आवाज वाढवला.

चाल मागे पडण्याची कारणे कारखानदारी आहेत. संकलन आता शेवटच्या आठवड्यापर्यंत चालते. आठ ओळींची चाल मध्येच कापली तर लंगडी होते. चार स्वरांची फिरकी कुठेही तोडता आणि कुठेही जोडता येते. दुसऱ्या चित्रपटाचे संगीत तात्पुरते लावून संकलन केले जाते आणि दिग्दर्शकाचा कान त्यालाच सोकावतो. मग संगीतकाराकडे मागणी होते ती ‘असंच काहीतरी’ची. तिसरे कारण स्वस्ताई. अख्खा वाद्यमेळ नमुना-ध्वनींच्या संचातून एका माणसाला एका रात्रीत उभा करता येतो, आणि पैसे असलेच तर बुडापेस्ट किंवा स्कोप्येच्या वादकांकडून तोच आराखडा वाजवून घेता येतो. मुंबईत कधीकाळी सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे संयोजक प्रत्येक व्हायोलिनसाठी वेगळी ओळ लिहीत. सिंथेसायझर आला आणि ती पिढी घरी बसली.

पराक्रमाला आवाज देण्याची विद्या इकडे आयातच करावी लागते, हा समज चुकीचा आहे. विष्णुदास भावे यांनी सांगलीत १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगवले तेव्हा रंगभूमीवर महानायक होता, महाखलनायक होता आणि पार्श्वसंगीतही होते. पदे सगळी सूत्रधार गायचा, राक्षस तलवारी परजत आरडाओरडा करत यायचे. पुढच्या सुशिक्षितांनी या खेळांची ‘अललडुर्र नाटके’ म्हणून टर उडवली. टर योग्यच होती, पण त्या धांगडधिंग्यात एक शिस्त होती: राक्षस ओरडत असताना सूत्रधार गात नसे. अ‍ॅटमॉससारख्या चौफेर ध्वनियंत्रणेच्या जमान्यात राक्षस, सूत्रधार आणि मृदंग तिघेही एकदम सुटलेले असतात.

त्याआधीचा पुरावा आणखी भक्कम आहे. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा आणि सिंहगडावरचा तुळशीदासाचा पोवाडा हे या नायकांचे सर्वांत जुने संगीत. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह छापला, त्यामुळे शब्द हाताशी आहेत. आणि वाजवण्याची रीत शाहिरांच्या गळ्यात व हातात शिल्लक आहे. डफ, तुणतुणे, झीलकऱ्यांचे ‘जी जी’, एवढाच संच. शाहीर कथन करतो तेव्हा डफ दबून राहतो, शाहीर थांबला की उसळतो. संवादाखाली पार्श्वसंगीत कसे ठेवावे याचा याहून नेमका धडा कुठल्याही परदेशी संगीतशाळेत मिळणार नाही.

चित्रपटात ही रीत एकदा साधलीही होती. भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३) आणि ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) या चित्रपटांना ‘आनंदघन’ या नावाने लता मंगेशकरांनी संगीत दिले. दीनानाथांच्या सांगलीच्या बिऱ्हाडात ज्यांचे बालपण गेले, त्यांना नाट्यगीत आणि ओवी यांतले अंतर कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्या संगीतात वाद्ये मोजकी आणि शौर्य चालीत आहे. मिरजेचे राम कदम यांनी लावणीपटांत तेच भान राखले. ऐतिहासिक चित्रपट मात्र पुढे दूरदर्शनच्या नगाऱ्यांकडे वळला. त्या काळाबद्दल इतके पुरे.

अलीकडच्या कामात थांबून ऐकावे असे एकच वळण आहे: पाश्चात्त्य वाद्यमेळाने इथल्या तालवाद्याकडून शिकण्याचे. अजय-अतुल यांचा ‘जोगवा’ (२००९) हा त्याचा आरंभ. राजन गवस यांच्या कादंबऱ्या आणि कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावचे चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांवर तो बेतला. जोगतिणीचे चौंडके तिथे सजावटीला आलेले नाही. त्याच्या तारेचा घुमारा आधी येतो आणि बाकीची वाद्ये त्याच्या पट्टीत येऊन मिळतात. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो गाण्यांवरच्या प्रेमामुळे असे अनेकांना वाटते. खरा पराक्रम गाण्यांच्या खालच्या थरात आहे. ‘सैराट’साठी (२०१६) तर या जोडीने लॉस एंजलिसमध्ये पूर्ण सिम्फनी वाद्यमेळ ध्वनिमुद्रित केला. इतकी मोठी फौज हाताशी असताना शेवटच्या हत्याकांडाला तिच्यातली एक तारही छेडली जात नाही. लहान मुलाची पावले उमटतात आणि पडदा निःशब्द राहतो. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचा हा निर्णय प्रत्येक ऐतिहासिक चित्रपटाच्या निर्मात्याला सक्तीने दाखवावा. याच जोडीने ‘पानिपत’मध्ये (२०१९) गर्दीला खूश करण्याचा सोपा रस्ता धरला, हेही नोंदवणे भाग आहे.

बाहेरही असेच घडले. लुडविग गोरान्सन यांनी ‘ब्लॅक पँथर’साठी (२०१८) सेनेगल गाठले, बाबा माल यांच्यासोबत फिरले आणि काखेत दाबून बोलता करायचा तामा हा ढोल नायकाच्या ओळखीसाठी वापरला. वाद्यमेळ त्याच्याभोवती रचला गेला. ऑस्कर मिळाले ते त्याला. शेजारच्या कर्नाटकात अजनीश लोकनाथ यांनी ‘कांतारा’त (२०२२) भूतकोला या दैवतविधीचा आवाज पडद्याच्या मध्यभागी आणला. उलट ‘ब्रह्मास्त्र’ची (२०२२) भव्यता आता कुणाला आठवत नाही. संस्कृतसदृश समूहघोष हा गेल्या दहा वर्षांतला सर्वांत आळशी शोध आहे.

मग सातारा-सांगलीचा तामा कोणता? उत्तर हलगी. कुंडलच्या मैदानात मोठी कुस्ती लागते तेव्हा हलगी, घुमके आणि कैताळ यांचा ताफा कडेला उभा असतो. हलगी डाव्या हाताने छातीशी धरलेली, त्याच हाताच्या बोटांत वेताची बारीक काडी, उजव्या हातात आखूड जाड टिपरू. बारीक काडी तडतड अखंड चालू ठेवते आणि टिपरू बोल टाकते. चामडे ढिले पडले की वाळल्या पाचटाचा जाळ करून हलगी शेकतात. बोटाने टिचकी मारून आवाज वर चढला की नाही ते पाहतात आणि पुन्हा उभे राहतात. पैलवान खडाखडी करत असताना हलगी संथ असते. पट निघाला, कुणी खाली आला, की वाजवणाऱ्याची नजर मातीवरून हटत नाही आणि लय त्या झटापटीबरोबर चढत जाते. झोळी बसली, दोघे अडकून पडले, की ती पुन्हा उतरते. चितपट झाली की कडकडाट. लढाईच्या दृश्याला पार्श्वसंगीत देणे म्हणजे नेमके हेच, आणि इथे ते समोर पाहून, जागच्या जागी दिले जाते.

चित्रपटवाल्यांना हलगी ठाऊक नाही असे नव्हे. दिग्पाल लांजेकर यांच्या शिवपटांत देवदत्त मनीषा बाजी यांनी गाण्यांमध्ये लोकवाद्ये जाणतेपणाने वापरली आहेत. गाणे संपून तलवारी निघाल्या की मात्र ती जाण मावळते. कारण तांत्रिक आहे आणि ते कुणी बोलत नाही. वाद्यमेळ वाजतो तो क्लिक ट्रॅकवर, म्हणजे कानात टिकटिकणाऱ्या ठरीव लयीवर. हलगीचा जीव लयीच्या चढण्यात. तिला टिकटिकीला बांधले की उरते ती फक्त तडतड. त्यात हलगीचा तीक्ष्ण आघात आणि व्हायोलिनच्या गजाचे जोरकस फटकारे ध्वनीच्या वरच्या पट्ट्यात एकमेकांवर येतात; मिश्रण करणारा गोंधळ टाळण्यासाठी एकाला खाली ओढतो, आणि ओढली जाते ती हलगीच. वातानुकूलित स्टुडिओत पाचट पेटवता येत नाही, म्हणून ती आधीच नरमलेली असते.

इलाज साधा आहे आणि खर्चाचा नाही. चित्र समोर लावून हलगी आधी मोकळी वाजवून घ्यावी. तिच्या चढउतारांवरून क्लिक तयार करावा. आजच्या कोणत्याही ध्वनिमुद्रण-प्रणालीत ते जमते. वाद्यमेळ त्यानंतर लिहावा. व्हायोलिनांनी एकतर गप्प बसावे किंवा एकच लांब स्वर धरावा, चेलो आणि डबल बास यांनी घुमक्याची जागा घ्यावी, पितळी वाद्यांनी झीलकऱ्यांसारखे ओळीच्या शेवटी यावे. म्हणजे बुडापेस्टचा वादक कुंडलच्या लयीमागे धावेल. आज उलट चालले आहे: बुडापेस्टच्या नकाशावर कुंडलचा ठिपका चिकटवायचा आणि त्याला मातीचा सुगंध म्हणायचे.

यावर निर्मात्यांचे ठरलेले उत्तर असते की प्रेक्षकाला भव्य ऐकायचे असते. साताऱ्या-सांगलीतला प्रेक्षक शिवपटाला येतो तो घोषणा द्यायला. नायक पडद्यावर आला की ‘जय भवानी’ची आरोळी उठते आणि पुढचे अर्धे मिनिट ध्वनियंत्रणेतून काय वाजते ते कुणाला ऐकू येत नाही. भव्यता प्रेक्षक स्वतः आणतो. त्याच्यासाठी जागा तेवढी मोकळी हवी. शाहिराला हे कळते, म्हणून तो आरोळीच्या जागी थांबतो. दुसरे उत्तर असे की लोकवाद्यांनी चित्रपट ‘प्रादेशिक’ वाटतो. सेनेगलच्या ढोलाने ‘ब्लॅक पँथर’ प्रादेशिक वाटला नाही. संकोच वाद्याचा नाही, वाजवणाऱ्याच्या जातीचा आहे, हेही एकदा स्पष्ट लिहायला हवे. हलगी पिढ्यान्‌पिढ्या मातंग वस्तीत वाजली. तिला वरातीत नाचायला सगळे तयार असतात, पण स्वरलेखनाच्या पानावर पहिली ओळ द्यायला हात अडखळतो. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांचा फकिरा हा याच खोऱ्यातला खरा महानायक. त्याच्यावर आज कुणी चित्रपट केला तर त्यालाही चार स्वरांचीच फिरकी लावणार काय?

कसोटी घ्यायचीच तर प्रतापगडाच्या पायथ्याची घ्यावी. १० नोव्हेंबर १६५९ची भेट: शामियाना, दोन माणसे, मोजके अंगरक्षक, आणि झाडीत दबा धरलेले सैन्य. हा प्रसंग मुळात शांततेचा आहे. आलिंगनाच्या आधीच शंभर वाद्ये कल्लोळ करू लागली तर खानाचा दगा आणि महाराजांची सावधता दोन्ही वाया जातात. फक्त बारीक काडीची तडतड, दबलेली, टिपरू न पडता, बिचव्यापर्यंत न्यावी. टिपरू पडावे ते गडावरच्या तोफेच्या इशाऱ्यालाच, आणि वाद्यमेळ झाडीतल्या सैन्यासारखा त्यानंतर सुटावा.