वळण नसलेलं अक्षर

आज एकाच अक्षरसंचाबद्दल बोलणार आहे. डच ग्राफिक डिझायनर विम क्राउवेल यांनी १९६७ साली केलेला ‘न्यू अल्फाबेट’.

चांगल्या अक्षराला आपण ‘वळणदार’ म्हणतो. या अक्षरांत वळणच नाही. उभ्या-आडव्या रेघा, आणि कोपऱ्यावर पंचेचाळीस अंशांचा छेद. बस्. सगळी अक्षरं एकाच रुंदीची. मग ‘एम’सारखं रुंद अक्षर बसवायचं कसं? तर ‘एन’ काढायचा आणि त्याच्याखाली एक रेघ द्यायची! ‘डब्ल्यू’चंही तसंच, ‘व्ही’खाली रेघ.

हा विक्षिप्तपणा नव्हता बरं का. तेव्हा अक्षरजुळणी धातूच्या खिळ्यांकडून कॅथोड रे ट्यूबकडे निघाली होती. अशा यंत्रातून आलेली गॅरामाँडसारखी जुनी अक्षरं क्राउवेल यांनी पाहिली, आणि त्यांना दिसलं की गोलाईच्या पायऱ्या झाल्यात. आपल्या लोकलच्या इंडिकेटरवर ठिपक्यांत उमटलेला ‘ठाणे’मधला ‘ठ’ आठवा, म्हणजे अडचण कळेल. क्राउवेल यांचा प्रश्न असा होता: यंत्राला गोल जमत नाही ना, मग गोल नसलेलंच अक्षर का करू नये?

प्रश्न बिनतोड आहे. उत्तराबद्दल मात्र माझी तक्रार आहे. यंत्राची अडचण त्यांनी उचलून वाचकाच्या डोक्यावर ठेवली. सरावलेला वाचक एकेक अक्षर लावत बसत नाही, ओळखीचा शब्द त्याला एका नजरेत कळतो. इथे प्रत्येक शब्द कोड्यासारखा सोडवावा लागतो. हे संच प्रत्यक्ष वापरासाठी नव्हताच, असं पुढे क्राउवेल यांनीही सांगितलं. आणि झालं काय? यंत्रं सुधारली, ठिपके बारीक झाले, गोलाई परत आली. ज्या दोषासाठी हे अक्षर जन्मलं तो दोषच उरला नाही.

अक्षर मात्र उरलं. १९८८ साली ‘जॉय डिव्हिजन’ या ब्रिटिश बँडच्या ‘सबस्टन्स’ या संकलनाच्या कव्हरवर पीटर सॅव्हिल आणि ब्रेट विकेन्स यांनी ते आणलं, आणि तिथे ते शोभलं. का शोभलं? कारण कव्हरवर अक्षर वाचायचं कमी, बघायचं जास्त. घेणाऱ्याला बँडचं नाव आधीच ठाऊक असतं. १९९७ साली लंडनच्या ‘द फाउंड्री’ने त्याची डिजिटल आवृत्तीही काढली.

म्हणून देवनागरीत कुणी असं कोनदार, ‘भविष्यातलं’ अक्षर केलं, तर पोस्टरवर त्याचं स्वागतच करू या. पण गाडी फलाटात शिरतेय आणि चष्मा पुसत कुणी आजोबा इंडिकेटरकडे बघतायत, तिथे ‘ठ’ चौकोनी करायचा नसतो. तिथे ठिपके वाढवायचे असतात.